आर्वीनं काय पाहावं, हे कोण ठरवतं

'मध्यप्रांत व वऱ्हाड' हा प्रांत 1950 साली नकाशावरून गेला. त्याचा मध्य प्रदेश झाला, 1956 मध्ये विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात आले आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. सिनेमाच्या धंद्यानं मात्र तो प्रांत अजून मोडलेला नाही. वितरकांच्या बोलण्यात त्याच प्रांताच्या इंग्रजी नावाचं, 'सी.पी. बेरार' हे सर्किट आजही आहे आणि भुसावळ-अमरावती ही त्या धंद्याची जुनी ठाणी. वर्धा जिल्ह्यातली आर्वी याच सर्किटात येते. आर्वीच्या माणसानं पडद्यावर काय पाहायचं, याचा पहिला निवाडा कित्येक वर्षं अशाच कुठल्या तरी वितरकाच्या कचेरीत होत असे.

आर्वी हे कापसाचं गाव. 1917 साली पुलगावहून इथपर्यंत पस्तीस किलोमीटरची अरुंद रेल्वे टाकली ती कापसासाठी. मुंबई-नागपूर मार्गापर्यंत गठाणी न्यायच्या, तिथून मुंबई, तिथून विलायत. किलिक निक्सन या इंग्रज पेढीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीनं ती बांधली. कापूस विकला की हातात पैसा, आणि हातात पैसा आला की लग्नं, जत्रा, तमाशा, सिनेमा, हा इथला वर्षाचा क्रम. दिवाळी ते होळी हा थेटरवाल्याचाही हंगाम.

नवा सिनेमा आधी नागपूर-अमरावतीला लागायचा, मग वर्धा-यवतमाळला. प्रिंट मोजक्याच असत. त्या घासून पडद्यावर उभ्या रेघा उमटायला लागल्या की तालुक्याचा नंबर. प्रिंटची पेटी आली की रिक्षावर भोंगा फिरायचा. पेटी आली नाही की जुनाच खेळ पुन्हा. थेटरवाल्याच्या हातात फार काही नव्हतं, तरी लोक त्यालाच धरायचे. चौकात, पानठेल्यावर, देवळाच्या पायरीवर त्याला गाठून 'कधी आणता तो पिक्चर?' असं विचारता यायचं. लोकांना काय आवडलं हे त्याला तिकिटांच्या गल्ल्यावरून कळायचं आणि शिव्यांवरूनही. या सगळ्या इतिहासात मला महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट: निवड करणारा माणूस गावाच्या आवाक्यात होता.

रेडिओवाला तसा आवाक्यात नव्हता. आकाशवाणीचं नागपूर केंद्र 16 जुलै 1948 ला सुरू झालं. तिथून शेतीची माहिती येई, भजनं येत, बातम्या येत. पण लोकांना हवी होती सिनेमाची गाणी, आणि 1952 मध्ये नेमकी तीच आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. निर्णय एका मराठी माणसाचा. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर त्या वर्षी माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि पुढं दहा वर्षं त्या पदावर राहिले. सिनेसंगीतानं लोकांची अभिरुची बिघडते, देशाला शास्त्रीय संगीत ऐकवलं पाहिजे, अशी त्यांची प्रामाणिक धारणा होती. त्यांनी सिनेगीतांचा वाटा छाटला, निर्मात्यांशी बोलणी फिसकटली आणि लोकांनी सुई फिरवून रेडिओ सिलोन लावला. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथं अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली.

गीतमालेचा क्रम कसा लागायचा? रेकॉर्डच्या दुकानांतला खप आणि श्रोत्यांच्या, श्रोता मंडळांच्या चिठ्ठ्या. देशभरातून पोस्टकार्डं जायची. फर्माईशींमुळं झुमरीतिलैया हे आडगाव घराघरात माहीत झालं. पोस्टकार्ड पाठवणारा आपलं नाव लिहायचा, गावाचं नाव लिहायचा, मला हे गाणं आवडतं असं सहीनिशी सांगायचा. नाव रेडिओवरून वाचलं गेलं तर आठवडाभर गल्लीत त्याचा मान. शेवटी सरकारलाही नमतं घ्यावं लागलं. 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू झाली आणि सिनेमाची गाणी आकाशवाणीवर सन्मानानं परत आली. वरून लादलेली निवड श्रोत्यांनी नुसत्या सुईनं परतवून लावली, ही घटना आपण पुरेशी लक्षात ठेवलेली नाही.

त्याच सुमारास मराठी मुलखात एक वेगळा प्रयोग झाला. 1956 मध्ये पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळं चालवली. गावातली माणसं एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर बोलत आणि प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवत. उत्तरं पुढच्या कार्यक्रमात मिळत. आर्वी तेव्हा अजून मध्य प्रदेशात, म्हणून तिच्या वाट्याला हा प्रयोग आला नाही. पण ऐकणाऱ्यानं उलट बोलावं आणि सांगणाऱ्यानं ते ऐकावं, याची इतकी नीट बांधलेली व्यवस्था नंतरच्या सत्तर वर्षांत मला कुठं दिसलेली नाही.

दूरदर्शनची लाट आली ती इन्सॅट-1बी या उपग्रहामुळं. तो ऑगस्ट 1983 मध्ये सुटला आणि पुढच्या वर्षी देशात जवळपास रोज एक या वेगानं छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली. 25 जानेवारी 1987 ला 'रामायण' सुरू झालं. रविवारची सकाळ, ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी वीस-पंचवीस माणसं, चपलांचा ढीग दाराबाहेर. या आठवणी सगळ्यांनी लिहून झाल्या आहेत. मला त्यापेक्षा व्हिडिओच्या रात्री जास्त बोलक्या वाटतात.

रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी, असा एका रात्रीचा भाव असे. गणपतीत, दुर्गोत्सवात किंवा कुणाच्या बारशाला मोहल्ला वर्गणी काढायचा. टीव्ही ओट्यावर, माणसं रस्त्यावर सतरंजीवर. खरी लढाई व्हायची ती कुठल्या तीन कॅसेटी आणायच्या यावर. पहिली बायाबापड्या आणि म्हाताऱ्यांसाठी देवादिकांची किंवा घरगुती रडकथा. दुसरी मारधाडीची. तिसरी कुठली हे पोरं आपसांत ठरवायची, कारण तोवर बाकीचे झोपलेले असत. मधेच वीज गेली तर कॅसेटवाल्याशी भांडण, सकाळी वर्गणी कुणी बुडवली यावर भांडण. पण त्या रात्रीच्या आवडीनिवडीत आजीही होती, तिचा नातूही होता, आणि एकमेकांचं पाहून घ्यावं लागायचं. आजी मारामारी पाहायची, नातू रडकथा पाहायचा.

केबल आली आणि हा सौदा घराच्या भिंतीआड गेला. झी 1992 मध्ये आलं, अल्फा मराठी 1999 मध्ये, ई टीव्ही मराठी 2000 मध्ये. या काळात मनोरंजन ठरवण्याची नवी मोजपट्टी आली, टीआरपीची. निवडक घरांत मीटर बसवायचे आणि त्यावरून देश काय पाहतो हे काढायचं. हे मीटर बरीच वर्षं मुख्यतः एक लाखाहून मोठ्या शहरांत होते. 2011 च्या जनगणनेत आर्वीची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आत. म्हणजे आर्वीच्या घरात रोज चार तास मालिका चालल्या तरी त्या मालिकांच्या हिशेबात आर्वी जवळजवळ नव्हतीच. मराठी मालिकांतली घरं मुंबई-पुण्याची, भाषा तिथली, आणि वऱ्हाडी बोलणारा पडद्यावर आला तर तो बहुधा नोकर किंवा विनोदापुरता, याचं एक कारण इथंही आहे. ज्यांची मोजदाद नाही, त्यांच्यासाठी कोण कथा लिहील? बार्क संस्थेनं मोजणी हातात घेतल्यावर 2015 च्या अखेरीस ग्रामीण घरांचे आकडे यायला लागले. पण तोवर आर्वीच्या पोरांनी टीव्हीकडे पाठ फिरवली होती. त्यांचं मनोरंजन खिशात आलं होतं, नखाएवढ्या मेमरी कार्डात.

या मेमरी कार्डाच्या काळाबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. साधारण 2008 ते 2016. मोठ्या स्पीकरचे स्वस्त फोन, त्यात दोन किंवा चार जीबीचं कार्ड. इंटरनेट होतं, पण 'नेट मारणं' परवडायचं नाही. एक जीबीला दोनशे-अडीचशे रुपये, आणि तेही तालुक्याच्या गावात रखडत चालणारं. म्हणून बसस्टँडजवळ, बाजार ओळीत, जिथं रिचार्ज मिळायचं तिथं पाटी लागलेली असायची: 'मेमरी कार्ड भरून मिळेल.' दहा-वीस रुपयांपासून पन्नासपर्यंत.

अशा दुकानात मी पुष्कळ वेळ बसलो आहे. एक जुना कॉम्प्युटर, त्याच्या पडद्यावर पिवळी फोल्डरं: भीमगीते, तुकडोजी महाराज, सत्यपाल महाराज, आनंद शिंदे, जुने हिंदी, नवे हिंदी, डीजे मराठी, लगन स्पेशल, कॉमेडी. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून माणसं यायची, कार्ड काढून काउंटरवर ठेवायची. दुकानातला पोरगा नजर न उचलता विचारायचा, "कोनचे टाकू?" समोरचा म्हणायचा, "टाक ना बे चांगले पाहून." या 'चांगले पाहून'मध्ये सगळी विद्या होती. पोरगा गाव विचारायचा, वय पाहायचा, गळ्यातली माळ किंवा गाडीवरचं निळं स्टिकर पाहायचा, मागच्या वेळी काय नेलं ते आठवायचा आणि भरायचा. कॉपीची हिरवी पट्टी सरकेपर्यंत दुसऱ्याचं ऐकायचा. "त्या रसुलाबादवाल्यानं हे नेलं होतं, तुमाले बी आवडन," असं म्हणून दोन गाणी वरून टाकायचा. आवडलं नाही तर पुढच्या बाजाराला माणूस तेच कार्ड घेऊन हजर: "काय भरून देल्लं बे हे?"

दुसऱ्या दिवशी तीच गाणी कापसाच्या शेतात वाजायची. वेचणीला गेलेल्या बाईच्या ओटीत कापूस आणि कमरेला पिशवीत फोन. एकीचा फोन वाजला की ओळीतल्या साऱ्या जणी ऐकायच्या. मग ब्लूटूथनं गाणं दुसऱ्या फोनात. हे सगळं बेकायदा होतं, आणि ज्या शाहिरांनी, गायकांनी ती गाणी गायली त्यांना यातून दमडी मिळाली नाही. हा अन्याय खराच. पण गावाची आवड ओळखून, तिला थोडं पुढं नेणारा एक माणूस त्या काउंटरमागं बसलेला होता, हेही तितकंच खरं.

2016 हे वर्ष सगळ्या अंगांनी उलथापालथीचं. 29 एप्रिलला 'सैराट' आला. ज्या थेटरांत वर्षानुवर्षं कुणी फिरकलं नव्हतं तिथं ट्रॅक्टर भरून माणसं आली, आणि त्याच्या चोरट्या प्रतीही राज्यभर फिरल्या. 5 सप्टेंबरला जिओ सुरू झालं. डिसेंबरपर्यंत डेटा फुकट, मग ती मुदत मार्च 2017 पर्यंत वाढली. पहिल्या 170 दिवसांत दहा कोटी गिऱ्हाइकं झाल्याचं कंपनीनं जाहीर केलं. त्याच सप्टेंबरात बोस्टनच्या एका परिषदेत गूगलच्या कव्हिंग्टन, अ‍ॅडम्स आणि सार्गिन या तिघांनी यूट्यूबची शिफारस-यंत्रणा कशी चालते यावर निबंध वाचला. बोस्टनचा निबंध आणि आर्वीतल्या सिमकार्डाच्या रांगा यांचा परस्परांशी काही संबंध आहे, असं तेव्हा कुणाला वाटणार होतं?

त्या निबंधातली रीत सांगायला सोपी आहे. कोट्यवधी व्हिडिओंतून आधी काहीशे निवडायचे, तुमच्यासारखं पाहणाऱ्यांनी काय काय पाहिलं त्यावरून. मग त्या काहीशेंची क्रमवारी लावायची, तुम्ही कुठल्यावर किती वेळ थांबाल या अंदाजानं. 2012 पासूनच यूट्यूबनं किती जणांनी उघडलं यापेक्षा किती वेळ पाहिलं याला वजन दिलं होतं. नेटफ्लिक्सनं 2006 मध्ये, आपली शिफारस दहा टक्क्यांनी सुधारून देणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं आणि 2009 मध्ये दिलं. तेव्हा आधार होता लोकांनी दिलेल्या ताऱ्यांचा. पुढं त्यांनाही कळलं की माणूस तारे देतो एकाला आणि पाहत बसतो दुसरंच. 2017 मध्ये त्यांनी तारे काढून टाकले. माणसाच्या शब्दापेक्षा त्याच्या अंगठ्यावर विश्वास ठेवायचा, हे ठरून गेलं. यूट्यूबच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं जानेवारी 2018 मध्ये सांगितलं की तिथल्या पाहण्याच्या वेळेपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त वेळ शिफारशींतून येतो.

ही रीत मेमरी कार्डवाल्या पोराचीच, 'त्या रसुलाबादवाल्यानं नेलं होतं, तुमाले बी आवडन.' फक्त यंत्राला रसुलाबाद माहीत नाही, खंजेरी माहीत नाही आणि वाईट भरून दिलं म्हणून पुढच्या बाजाराला कुणी त्याची कॉलर धरत नाही. ज्या आर्वीला टीआरपीनं मोजलं नव्हतं, तिची आता सेकंदासेकंदाची मोजदाद होऊ लागली. पोस्टकार्डावर माणूस आपण होऊन सांगायचा. इथं त्याचं थांबणं, पुढं सरकणं, परत मागं येणं हेच त्याचं मत म्हणून धरलं जातं, आणि त्यानं असं मत दिलं हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं.

दोन-तीन वर्षांत कार्ड भरणाऱ्यांच्या पाट्या उतरल्या. ती दुकानं फोनच्या काचा आणि कव्हरं विकायला लागली. फोल्डरं भरणारे हात काच चिकटवू लागले.

या शिफारस-यंत्रणेतून वऱ्हाडीचं भलं झालं, हे मोकळेपणानं मान्य केलं पाहिजे. अमरावतीच्या भारत गणेशपुरेंनी 'चला हवा येऊ द्या'मधून ही बोली घराघरात नेली होती, डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांनी 'मिर्झा एक्स्प्रेस' गावोगाव फिरवून स्टेज गाजवलं होतं. पण कुठल्या वाहिनीची परवानगी न घेता वर्धा-अकोल्याची साधी पोरं फोनवर वऱ्हाडीत बोलू लागली आणि लाखांनी ऐकली गेली, ते या यंत्रणेमुळंच. चाकणच्या कारखान्यात आणि हिंजवडीच्या खोलीत राहणारी इकडची पोरं आपली बोली ऐकून शेवटपर्यंत थांबतात. ते थांबणं यंत्राला दिसतं आणि ते आणखी चार जणांपुढं वाढतं. पुण्या-मुंबईच्या कुठल्या अधिकाऱ्यानं हे कधी मनावर घेतलं नसतं.

आणि तरीही सत्यपाल महाराजांचं कीर्तन पाहा. सात खंजेऱ्या एकदम वाजवणारा हा माणूस गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराजांच्या वाटेनं चालत आला आहे. त्यांची रीत अशी: आधी हसवायचं. गावच्याच बोलीत, समोरच्या पाटलाला, पुढाऱ्याला, नवऱ्याला चिमटे काढत दहा-पंधरा मिनिटं मंडप डोक्यावर घ्यायचा. लोक हसून सैल झाले की दारूवर, हुंड्यावर, अंगात येणाऱ्या देवांवर घाव. त्या घावासाठीच आधीचं हसू. आता फोनवर फिरतो तो अर्ध्या-एक मिनिटाचा तुकडा. कापणारा नेमका हशाचा भाग कापतो, कारण लोक तिथं थांबतात. दारूचा भाग आला की अंगठा सरकतो. मग यंत्र म्हणणार, यांना हसू हवंय. मंडपात बसलेल्या माणसाला उठून जायला लाज वाटायची, शेजारी ओळखीचा असायचा, आणि त्या लाजेपोटी तो कानावर पडायला हवं ते ऐकून घ्यायचा. ती लाज, तो शेजार कीर्तनाचाच भाग होता. तो फोनमध्ये येत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

असे तुकडे जिथं फिरायचे त्या टिकटॉकवर 29 जून 2020 ला बंदी आली. जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स आले, सप्टेंबरमध्ये यूट्यूबनं शॉर्ट्स जगात सगळ्यात आधी भारतात आणले. त्याच्या आधी, टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात, 28 मार्चला दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा दाखवायला सुरुवात केली. 16 एप्रिलचा भाग 7.7 कोटी लोकांनी पाहिल्याचं सांगितलं गेलं. काही आठवडे घरं एका वेळी एका पडद्यापुढं बसली. आणि जूनमध्ये शाळा फोनवर सुरू झाली.

माझ्या मते, आर्वीसारख्या गावात खरा बदल तेव्हा झाला. त्याआधी बहुतेक घरांत एकच चांगला फोन होता. सकाळी आजी त्यावर हरिपाठ लावायची, दुपारी सून रेसिपी पाहायची, संध्याकाळी बाप सोयाबीनच्या फवारणीचे व्हिडिओ आणि रात्री पोरगा गेम. यंत्र एका खात्याला एक माणूस समजतं. त्यामुळं त्या घरच्या यादीत हरिपाठाखाली गेम, गेमखाली तणनाशक, त्याखाली पुरणपोळी. विचित्र, पण ती साऱ्या घराची यादी होती. आजीला नातवाचं जग ओझरतं दिसायचं, नातवाला आजीचं. शाळेसाठी कर्ज काढून, बोकड विकून दुसरा फोन आला. मग तिसरा. आज एका खोलीत चार जण चार कोपऱ्यांत, प्रत्येकाची यादी वेगळी, आणि पोराच्या यादीत काय आहे हे बापाला कळायचा कुठलाच मार्ग नाही.

आपण होऊन मागायची वाट मात्र पुरती बंद झालेली नाही. 2017 च्या ऑगस्टपासून गूगलला मराठीत बोलून शोधता येतं. ज्यांना टाईप करता येत नाही त्या म्हाताऱ्या बायका हेच वापरतात. फोन तोंडाजवळ धरतात आणि भजनाचं, महाराजांचं, गावाचं नाव घेऊन मागतात. 2023 च्या ऑगस्टपासून यूट्यूबनं असंही केलं आहे की पाहिल्याची नोंद ठेवणं बंद केलं आणि आधीची नोंदही नसली, तर मुखपृष्ठावर कुठलीच शिफारस येत नाही. वर फक्त शोधायची चौकट. काय हवं ते आपलं आपण सांगायचं. ही सोय सेटिंगमध्ये आत कुठंतरी आहे आणि ती दाखवून देणारं आर्वीच्या बाजारात कुणी बसलेलं नाही. काच बदलायला गेलेल्या माणसाला दुकानातल्या पोरानं ती दाखवून दिली, तर मला वाटतं तो दहा रुपये जास्त द्यायलाही तयार होईल.